कोरडे तळहात

सकाळी पावणेअकराच्या सुमारास वृषाली चौगुलेचा फोन वाजला की तिच्या ऑफिसातले लोक एकमेकांकडे बघून हसायचे. "आला बघा दांडीचा फोन." ती लगबगीने जिन्यात जायची, फोन कानाला घट्ट दाबायची आणि एवढंच विचारायची, "दांडी लावली?"

पलीकडून रणधीर म्हणायचा, "लावली."

"बरं, चढ."

मग ती जागेवर येऊन बसायची. एकोणीस वर्षांच्या संसारात दोघांची भांडणं झाली, अबोला झाला, एकदा तर ती तणतणत माहेरी जाऊन पंधरा दिवस राहिली. पण हा फोन कधी चुकला नाही. अबोल्याच्या दिवसांतही तो यायचा, तेवढं बोलून दोघंही पुन्हा तोंड फिरवायची.

रणधीर वीज कंपनीत लाइनमन होता. पन्हाळ्याच्या अंगाला असलेल्या अकरा गावांच्या तारा त्याच्याकडे होत्या. दांडी म्हणजे अर्थिंगची दांडी. लाइन बंद केली, तपासली, तरी खांबावर चढण्याआधी ती लांब दांडी तारांना अडकवायची आणि तिची केबल जमिनीत ठोकलेल्या खिळीला जोडायची. मग कुठूनही चुकून वीज आली तरी ती माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जाते. पूर्वी लाइन बंद केली की निदान ती बंद असायची. आता घरोघरी छपरावर सोलर आणि पडवीत बॅटरी. मंडळाची वीज गेली की या घरच्या यंत्रांनी बाहेर वीज सोडणं थांबवायचं, असा नियम आहे. पण गावोगावचे हुशार मेकॅनिक तो अडसर काढून देतात. एका घराची वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरते आणि पलीकडे अकरा हजार व्होल्ट होऊन निघते. मेलेली तार कधी जिवंत होईल, सांगता येत नाही.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी रणधीर फोनवर "लावली" म्हणाला आणि ही ताडकन म्हणाली, "खोटं बोलतोयस. खाली उतर." तो खरोखरच दोन फूट वर चढला होता आणि दांडी जीपमध्ये होती. तो निमूट उतरला. पुढे त्याने ही गोष्ट आपल्या सेक्शनमधल्या साऱ्या लाइनमनना रंगवून सांगितली. आपल्याला कसं कळलं ते वृषालीला सांगता यायचं नाही. "लावली" म्हणण्याआधी श्वासाएवढी जागा राहिली होती, एवढंच तिला आठवायचं. तेव्हापासून सेक्शनमधल्या कुणीही रणधीरला चढताना पाहिलं की तो विचारायचा, "वहिनींची परवानगी झाली का?"

हे सगळं ऐकायला गोड वाटतं. खरी गोष्ट अशी की वृषाली भ्यायची. रोज भ्यायची. तो सकाळी बूट घालायला बसला की तिची भीती सुरू व्हायची आणि संध्याकाळी त्याच्या गाडीचा आवाज आला की थांबायची. तिचं लक्ष कामात असलं तरी एक कान सदैव त्या खांबाला लागलेला असायचा. या भीतीचा तिला मनापासून कंटाळा आला होता.

तिचं काम मात्र लोकांना घाबरवण्याचंच होतं. राजारामपुरीतल्या 'घुबड गेम्स'मध्ये ती बारा वर्षं खेळ तपासायची. कुणी नवा खेळ बनवला की तो पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळायचा आणि दोन रकान्यांचा अहवाल लिहायचा. डावीकडे जमेच्या बाजू, उजवीकडे खटकलेल्या बाजू. तिच्या उजव्या रकान्याला सगळे टरकून असत.

दिवाळी उलटल्यावर मालक केदार फणसळकर तिच्या टेबलावर एक यंत्र ठेवून म्हणाला, "मॅडम, हे तुमच्यासाठी. आपलं पहिलं स्वतःचं यंत्र. नाव ठेवलंय मूठ."

दोन्ही हातांत धरायचं, मध्ये पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा पडदा. धरायच्या जागी चांदीसारख्या चकचकीत पट्ट्या होत्या. वृषालीने त्यावर बोट फिरवलं.

"या कशाला?"

"तुमच्या हाताचा घाम मोजायला."

फणसळकर उत्साहात आला की खुर्चीवर उलटा बसायचा, तसा तो बसला. तळहाताच्या घामाचं उन्हाशी फारसं देणंघेणं नसतं, त्याने सांगितलं. बाकीचं अंग उकाड्याने घामेजतं, तळहात मात्र भीतीने. भ्यायलं की मेंदू क्षणार्धात तिथल्या ग्रंथींना हुकूम सोडतो आणि कातडीतून वीज वाहणं किंचित सोपं होतं. माणसाला स्वतःला कळायच्या आत पट्टीला ते कळतं. जोडीला बोटांतली नाडी आणि पडद्यावरच्या कॅमेऱ्यातून बुबुळांचा आकार. खेळ आधी शंभर गोष्टी दाखवतो. अंधार, उंची, पाणी, साप, आईची हाक. ज्याने हात ओला होतो ते लक्षात ठेवतो, बाकीचं टाकून देतो. दहा तासांत खेळाला तुमची भीती तुमच्यापेक्षा जास्त कळते.

"म्हणजे प्रत्येकाला वेगळा खेळ?"

"सुरुवात एकच. शेवट ज्याचा त्याचा."

खेळाचं नाव होतं 'भोंगा'. एक बंद पडलेला साखर कारखाना. तुम्ही आत अडकलेले. हातात एक बॅटरी, सात काडतुसांची बंदूक, खिशात फक्त सहा वस्तू मावतात. भोंगा वाजला की कारखान्यात काहीतरी हिंडू लागतं. लढून उपयोग नाही, लपायचं, पळायचं आणि 'विसावा' नावाच्या खोल्या शोधायच्या. तिथे पोहोचलं तरच झालेला खेळ जतन होतो. नाहीतर मेलात की पुन्हा मागे.

वृषालीने पहिल्याच दुपारी डावा रकाना भरायला घेतला. आवाज अप्रतिम. कानात इअरफोन घातले की उसाच्या चिपाडांवरून कुणी चालतंय ते नेमकं कुठल्या बाजूला, हे कळतं. यंत्र हातात असल्यामुळे भीती दूर भिंतीवर न राहता मांडीवर येऊन बसते. काडतुसं मोजकी असल्याने प्रत्येक दार उघडताना जीव घाबरा होतो.

उजवा रकानाही भरत गेला. नकाशावरची अक्षरं मुंगीएवढी. खेळातली बॅटरी पेटवली की यंत्राची खरी बॅटरी उतरते, ही कल्पना चांगली असली तरी अडीच तासांत खेळ बंद. डाव्या अंगठ्यात गोळे येतात. आणि सगळ्यांत तापदायक म्हणजे विसावा. खोल्या कोसभर अंतरावर, त्यात जतन होताना चाळीस सेकंद हातावर हात धरून बसायचं. मंद दिवा, संथ सूर, पडद्यावर एक वर्तुळ मोठं होतं, लहान होतं, त्याच्या तालावर श्वास घ्यायचा. नाडी खाली आल्याशिवाय दार उघडतच नाही. "माणूस वैतागतो," तिने लिहिलं. "जतन झटपट करा."

"ते राहू द्या," फणसळकर म्हणाला. "प्रत्येक वेळी शांत केलं तर पुढच्या वेळी नव्याने घाबरवता येतं."

चौथ्या दिवशी कारखान्याच्या अंगणात विजेचा खांब उगवला. आदल्या दिवशी तो नव्हता. सातव्या दिवशी तारांची घूं अशी गुणगुण सुरू झाली आणि खांबावर पाठमोरा माणूस दिसू लागला. नवव्या दिवशी खेळातल्या टेबलावरचा फोन वाजायला लागला. वृषालीने यंत्र टेबलावर आपटलं आणि ती पाणी प्यायला उठली. तिचे दोन्ही हात ओलेचिंब झाले होते. तपासनीस म्हणून मात्र तिला मानावंच लागलं. डाव्या रकान्यात तिने लिहिलं, "यंत्राने मला बरोबर पकडलं."

त्यानंतर महिनाभर तिने त्या माणसाला पडताना पाहिलं. ती धावायची, फोन उचलायला उशीर व्हायचा, भोंगा वाजायचा, तार कडाडायची, माणूस पडायचा. मग धडपडत विसावा गाठायचा, श्वास घ्यायचा, जतन करायचं, पुन्हा अंगणात. असं साठ-सत्तर वेळा झालं. शेवटच्या तीन टप्प्यांत खेळ त्या माणसाला दर दहा मिनिटांनी पाडत होता आणि वृषाली एका हाताने चहा पीत होती.

खेळ संपवून तिने उजव्या रकान्यात शेवटची ओळ लिहिली. "शेवटचे तीन टप्पे मिळमिळीत. भीती वाटतच नाही."

बाकीच्या तेरा तपासनिसांनीही हेच लिहिलं. सगळ्यांचे घामाचे आलेख शेवटाला सपाट झालेले. फणसळकरने डोकं धरलं आणि आणखी चार भुतं घालायला सांगितली. दोष खेळाचाच, हे सगळ्यांनी धरून चाललं. खेळ तपासणारी माणसं स्वतःला तपासायला थोडीच बसतात!

घरात मात्र सुख आलं. वृषालीला झोप लागू लागली, अंगावर तजेला आला. संध्याकाळी ती गॅलरीत ताटकळत उभी राहीनाशी झाली. फोन ती आता जिन्यात न जाता टेबलावरच घ्यायची, कधी खांद्याने धरून. विचारायची तेच, "दांडी लावली?" शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता.

एका रविवारी सकाळी रणधीर तांबड्या रश्श्यात भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाला, "हल्ली ढाराढूर झोपतीस."

"मग, वाईट आहे का?"

"वाईट कशाला? बरंच की." तो थोडा वेळ जेवत राहिला. "काल मला यायला साडेआठ झाले. पूर्वी तोवर चार फोन झाले असते तुझे."

"कटकट करते म्हणून तूच ओरडायचास."

"ओरडायचो खरं," तो म्हणाला आणि हसला. त्या हसण्यात काहीतरी कमी होतं. आपल्यासाठी कुणी घाबरत होतं, याची सवय झालेल्या माणसाला ते थांबल्यावर चुकल्यासारखं होणारच. तो ताट उचलून आत गेला, विषय तिथेच संपला.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी पावणेअकराला फोन वाजला. वृषाली अहवालाच्या चुका दुरुस्त करत होती.

"दांडी लावली?"

"लावली."

"बरं, चढ."

तिने फोन ठेवला आणि पुढची ओळ दुरुस्त केली. सव्वाअकराला रुक्साना मुल्लाणीचा फोन आला. रुक्साना रणधीरच्या जोडीची लाइनमन, आठ वर्षं दोघं एकाच जीपमधून हिंडत होती. तिला धड बोलता येत नव्हतं. "वहिनी, दादा... वहिनी, तुम्ही या. लगेच या."

वृषालीने विचारलं, "कुठल्या दवाखान्यात?" आवाज इतका स्वच्छ होता की बाजूच्या टेबलावरच्या बाईला वाटलं, हिला काही समजलंच नाही. तिला सगळं समजलं होतं. छातीत धस्स व्हायला हवं होतं, ते झालं नाही. ही गोष्ट तिने साठ-सत्तर वेळा पाहिली होती.

दवाखान्यात पोहोचण्याआधीच रणधीर गेला होता.

झालं होतं ते इतकंच. गुऱ्हाळाजवळची तार तुटली होती. चुलाणावर काहिलीत रस उकळत होता आणि रसाचा पंप बंद, म्हणून गुऱ्हाळवाले हातघाईवर आलेले. रुक्साना लाइन बंद करायला पलीकडच्या स्विचवर गेली. जीप ओढ्याच्या अलीकडे राहिलेली, दांडी जीपमध्ये. काम पाच मिनिटांचं. रणधीर चढला. वरच्या वस्तीतल्या कुठल्यातरी बंगल्याने उन्हात तयार झालेली वीज उलटी ढकलली.

वृषाली रडली, चिक्कार रडली. दुःखाला यंत्राने हात लावला नव्हता.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी रुक्साना घरी आली. दुपारची वेळ होती. चहा तसाच ठेवून ती म्हणाली, "वहिनी, मला एकच विचारायचंय. त्या दिवशी दादांचा फोन झाला होता ना? मला स्विचवरनं दिसलं, दादा चढतायत. मी म्हटलं, वहिनींनी विचारलं असणार, मग कशाला काळजी. न्हाईतर मी ओरडलो असतो."

"विचारलं होतं. लावली म्हणाला."

"आणि तुम्हाला कळलं न्हाई?"

वृषालीच्या फोनमध्ये सगळी बोलणी आपोआप साठत असत. तिने त्या दिवसाचं बोलणं काढून लावलं. 'दांडी लावली?' 'लावली.' 'बरं, चढ.' पाच सेकंद.

रुक्सानाचा चेहरा पहिल्याच खेपेला पडला. "हितं," ती म्हणाली. "हितं थांबलाय की दादा."

"कुठे?"

"लावली म्हणायच्या आधी. ऐका की."

वृषालीने पुन्हा लावलं. मग पुन्हा. रुक्साना गेल्यावर तिने ते संध्याकाळपर्यंत लावलं, इअरफोन घालून, डोळे मिटून, तोच तिचा व्यवसाय होता. तिला नवऱ्याचा आवाज ऐकू येत होता आणि त्याची आठवण येऊन गलबलत होतं. ती श्वासाएवढी जागा मात्र काही केल्या ऐकू येत नव्हती. तिच्या तळहातांना तिने स्पर्श करून पाहिला. खडखडीत कोरडे.

दुसऱ्या दिवशी ती फणसळकरसमोर जाऊन बसली.

"काय केलंत तुम्ही माझं?"

त्याला आधी समजेना. मग त्याने तिचे आलेख काढून एकापाठोपाठ एक पाहिले. शेवटी त्याने जे सांगितलं, ते त्याचं त्यालाच तेव्हा उमगत होतं. आठवण ही फडताळातल्या वहीसारखी नसते. ती बाहेर काढली की ओल्या मातीसारखी मऊ होते आणि मेंदूला ती पुन्हा घट्ट करून ठेवावी लागते. ती मऊ असताना माणूस शांत असेल, तर ती भीतीशिवायच घट्ट होते. खेळ भीती वर काढायचा आणि विसाव्यातली ती चाळीस सेकंदं तिला शांतपणे परत आत ठेवायची. साठ-सत्तर वेळा. डॉक्टरांना जे जमवायला वर्ष लागतं, ते मूठ सहा आठवड्यांत करत होती, कुणाच्या ध्यानीमनी नसताना.

"म्हणजे विसाव्यात मी खेळ जतन करत नव्हते," वृषाली म्हणाली.

"खेळही होत होता," तो पुटपुटला.

"परत मिळेल का?"

"यंत्रात नाहीच आहे ते, मॅडम. यंत्राने फक्त झिजवलं. कधीकधी अशी भीती आपोआप परत येते म्हणतात. पण त्यासाठी..." तो अडखळला.

"बोला."

"त्यासाठी ज्याच्यासाठी भ्यायचं तो माणूस असावा लागतो."

फणसळकर दुष्ट नव्हता. त्याने त्या दिवशी डोळे पुसले आणि तिला घरापर्यंत सोडलं. तीन आठवड्यांनी त्याने अंतिम अहवाल सहीसाठी पाठवला. वृषालीने तो उघडला. उजव्या रकान्यात नकाशाची अक्षरं होती, अंगठा होता, बॅटरी होती. तिची शेवटची ओळ तिथे नव्हती. ती डाव्या रकान्यात गेली होती, सगळ्यांत वर, नव्या शब्दांत. 'खेळ संपेपर्यंत तुमची सगळ्यांत मोठी भीती कायमची जाते.' खाली त्याने लिहिलं होतं, मॅडम, तुमचं दुःख मी समजू शकतो, पण परीक्षेला भिणारी मुलं, लिफ्टला भिणारी माणसं, यांचाही विचार करा.

तिने विचार केला. लिफ्टला भिणाऱ्या माणसाचं भलं होईल, हे तिला मान्य होतं. पण यंत्राला लिफ्टची भीती आणि रणधीरसाठी वाटणारी भीती यांतला फरक कळत नव्हता, त्याला फक्त ओला हात कळायचा. तिने ती ओळ उचलून उजव्या रकान्यात नेली आणि पुढे लिहिलं, "ही भीती माझी नव्हती. माझ्या नवऱ्याची होती, मी फक्त सांभाळत होते." अहवाल तिने सही न करता परत पाठवला आणि नोकरी सोडली. बाकीच्या तेरा सह्या झाल्या होत्या. मूठ गणपतीच्या आधी बाजारात यायची होती.

एप्रिलमधल्या एका सोमवारी पावणेअकराला तिचा फोन वाजला. वृषाली ओट्याशी कोथिंबीर निवडत होती. ती तशीच थबकली.

"वहिनी, मी रुक्साना. आजपासून दादांची लाइन माझ्याकडं आलीय." मागे वारा भणाणत होता. "चढायलोय. विचारा."

"मी?"

"मग कोण? सेक्शनमधली सगळी म्हणत्यात, वहिनींना विचारून चढ. दादांनी सवय लावून ठेवलीय सगळ्यांना."

वृषालीने ओले हात पदराला पुसले. फोन कानाला दाबला. कधीकाळी जिन्यात दाबायची तसा, कान दुखेपर्यंत.

"दांडी लावली?"

"लावली."

तिने ऐकलं. शब्द ऐकू आला, वारा ऐकू आला. लांब कुठेतरी ट्रॅक्टर चालला होता, तोही ऐकू आला.

"पुन्हा सांग."

"लावली, वहिनी."

दोन्ही वेळा सारखंच. खरं असेल, खोटं असेल. तिला काहीही कळत नव्हतं.

"रुक्साना, कॅमेरा लाव," ती म्हणाली. "मला दांडी दाखव."

"वहिनी, विश्वास न्हाई व्हय माझ्यावर?" रुक्साना दुखावून म्हणाली. "दादांना तर कधी दाखवायला लावलं न्हाईसा."

"दाखव."

पडद्यावर आधी आभाळ हाललं, मग खांब आला, मग तारा. वृषालीने एकेक तार बोटाने मोजली. पहिलीला दांडीचा आकडा होता, दुसरीला होता, तिसरीला होता. "आता खाली. केबल दाखव. जमिनीत कुठे जोडलीय ते दाखव." रुक्सानाने मुकाट्याने खाली धरलं. खिळी होती, केबल आवळलेली होती.

"बरं," वृषाली म्हणाली, "चढ. उद्यापासून रोज दाखवायचं. सेक्शनमधल्या सगळ्यांनी. सांग त्यांना."

"सांगतो," रुक्साना म्हणाली. मग तिने विचारलं, "वहिनी, तुम्हाला आता ऐकून कळत न्हाई व्हय?"

"नाही."

फोन बंद झाल्यावर तिने तळहात उलटून पाहिला. कोथिंबिरीची दोन पानं चिकटली होती, बाकी कोरडा होता. ती उरलेली जुडी निवडायला बसली आणि घड्याळाकडे बघून तिने पावणेअकराचा गजर लावला, रोजचा.